दुपारची मंडळी

गुरुवार, ६ मार्च

ऑर्गनपुढच्या बाकाचा स्क्रू आज पुन्हा फिरवलेला. चार वर्षं झाली, दर आठवड्याला हेच. मी बाक माझ्या उंचीला लावून ठेवते आणि दुपारचा येऊन तो वर करून जातो.

दुपारचा म्हणजे दुपारच्या मंडळीचा वादक. आमची उपासना सकाळी नऊला, त्यांची तीनला. चर्च एकच, ऑर्गनही एकच. ती मंडळी काळ्या लोकांची आणि आमची गोऱ्यांची, पण तसं कुणी म्हणत नाही. 'सकाळची' आणि 'दुपारची' म्हटलं की कुणाच्या मनाला लागत नाही. किल्ली आमच्या यांच्याकडे असते. हे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले तेव्हापासून चर्चच्या सगळ्या किल्ल्या सांभाळतात. दर रविवारी पावणेतीनला दुपारचा येऊन किल्ली घेऊन जातो आणि पाचला परत आणून देतो. मी त्याच्याशी फारसं कधी बोलले नाही. बोलायचं तरी काय? बाकाबद्दल एकदा चिठ्ठी लिहून ठेवली होती. उत्तर नाही.

पाळकसाहेबांच्या मनात काहीतरी शिजतंय. परवा म्हणाले, "बाई, वर्धापनदिनाला काही नवं करू या." तरुण माणूस, त्याला सगळं नवंच हवं. दोन्ही मंडळ्या एकत्र करायचा घाट असेल तर मग वादक एकच लागेल. चौतीस वर्षं वाजवतेय मी. एवढं कळतं.

संध्याकाळी तालीम होती. मधेच मोठ्या दारावर कुणीतरी धडाधड ठोठावायला लागलं. गेल्या वर्षी पितळी समया चोरीला गेल्यापासून तालमीच्या वेळी दार आतून लावून घेतो. गाणारे दहाच्या दहा जण माना वळवून बघायला लागले, सूर गेला. मी यांना म्हटलं, "बघा हो जरा, बंद करा तो आवाज." हे पाळकांच्या खोलीत गेले. तिथल्या खिडकीतून पायऱ्या दिसतात. बराच वेळ परत आलेच नाहीत. अजून थोडा वेळ आवाज आला, बाहेर कुणीतरी ओरडलंही. मी ऑर्गनचे सगळे स्टॉप, आवाज वाढवायच्या त्या खुंट्या, ओढले आणि मोठ्यांदा घ्यायला लावलं. मग बंद झाला. त्यानंतर हे येऊन मागच्या बाकावर बसले.

फार दिवसांनी शेवटचं कडवं असं खणखणीत उठलं.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळीच दारात पोलीस. एक इन्स्पेक्टर, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत स्वरलिपीची पानं. "हे तुमच्या चर्चचं का?" मी चष्मा लावून पाहिलं. कोपऱ्यात आमचाच शिक्का. म्हटलं, "आमचंच. आमच्या कपाटातलं आहे." ते म्हणाले, लिहून द्या. दिलं. खाली सही केली. खरं तेच लिहिलं.

नंतर सांगितलं त्यांनी. काल पायऱ्यांवर पकडला तो दुपारचा! घुसायचा प्रयत्न करत होता, बॅगेत ही पानं सापडली. पकडताना दाराची कडी सोडेना, झटापट झाली, उजवं मनगट मोडलं. सध्या हॉस्पिटलात आहे, खाटेशी पोलीस बसवलाय.

आधी मला खरं वाटेना. मग हळूहळू वाटायला लागलं, यात नवल ते काय? बाक हलवणारा माणूस कपाटही उघडू शकतो. समयांचं तेव्हा काय झालं होतं, कुणाला ठाऊक.

पण मग एक कळत नाही. चोरायला आलेला माणूस दार का ठोठावेल?

हे पोलीस आल्याबरोबर फिरायला गेले. चहा तसाच टाकून. दोन तासांनी आले. मी सगळं सांगितलं तर "अरेरे" म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. कालचंच होतं ते.

रविवार, ९ मार्च

पाळकसाहेबांनी प्रेमावर प्रवचन दिलं. प्रार्थनेत म्हणाले, "आपल्या शहरात जे घडलं त्यासाठी." काय घडलं ते नाही म्हणाले. प्रवचनभर त्यांनी माझ्याकडे, म्हणजे ऑर्गनच्या बाजूला, एकदाही पाहिलं नाही. एरवी गाण्याआधी मान हलवून खूण करतात. आज मला अंदाजानेच सुरू करावं लागलं. हा माणूस काहीतरी लपवतोय.

पावणेतीनला हे किल्ली घेऊन फाटकाशी उभे राहिले. कुणी मागायलाच आलं नाही. तीन वाजता दुपारची मंडळी आली, शंभरेक माणसं, चांगले कपडे घालून, आणि बाहेर पायऱ्यांवरच उभी राहिली. तिथेच शास्त्रपाठ, तिथेच प्रार्थना, तिथेच गाणं. ऑर्गन नाही, काही नाही. यांच्या हातात किल्ली तशीच. तासाभराने सगळे निघून गेले. यांच्याकडे कुणी रागाने पाहिलं नाही. कुणी पाहिलंच नाही.

मी समोरच्या फुटपाथवरून बघत होते. मला वाटलं, हे सगळं ठरवून चाललंय. आपल्याला लाज वाटावी म्हणून.

मंगळवार, ११ मार्च

पंचमंडळाची सभा. माझं अक्षर चांगलं म्हणून वृत्तांत मी लिहिते. औषधवाले अध्यक्ष आहेत. चौकात त्यांचं दुकान आहे, आणि सभा चालवतानाही माणूस गोळ्या मोजून देतो तसंच बोलतात. मंडळीने निवेदन काढलं पाहिजे यावर एकमत झालं. वर्तमानपत्रात आलंय ना.

दीड तास एका वाक्यावर गेला. पाळकसाहेबांनी लिहून आणलं होतं, "आमच्या काळ्या बांधवावर झालेल्या अन्यायाचा आम्ही निषेध करतो." औषधवाले म्हणाले, निषेध नको, पोलिसांना वाईट वाटेल. मग 'खेद' आला. 'अन्याय' म्हटलं तर कुणी केला ते विचारतील, म्हणून 'दुःखद घटना'. 'काळ्या' काढलं, कारण आपण रंग बघत नाही. 'आमच्या' वर माझी नणंद अडली. वन्सं गायनात खालचा सूर गातात, सभेत मात्र वरचा लावतात. "आमचा कसा? आपल्या यादीत नाव नाही त्याचं." म्हणून 'एका' झालं. शेवटी उरलं ते असं: एका बांधवाबाबत घडलेल्या दुःखद घटनेबद्दल आम्हाला खेद आहे.

पाळकसाहेबांनी सही केली. वाक्याकडे न बघताच. मी पाहिलं.

शिवाय तेवीस तारखेला 'सलोख्याचा रविवार' करायचा ठरला. दोन्ही मंडळ्या एकत्र, फलक, फोटो. औषधवाले म्हणाले, "त्यांची लेकरं पुढच्या रांगेत घेऊ."

पोलिसांना फोन कुणी केला, हे सभेत कुणी विचारलं नाही. फोन तर कुणीतरी केलाच असणार, पोलीस काय वासावर आले? मी विचारणार होते, पण सगळे एकदम उठले. हे तर माझ्याआधी दाराशी.

शुक्रवार, १४ मार्च

आज दुपारच्याची आई आली होती. हे बाजारात गेले होते. दार उघडलं तर एक उंच बाई, माझ्याच वयाची. हॉस्पिटलच्या कपडे धुण्याच्या विभागात तीस वर्षं आहे, चादरींच्या गठ्ठ्यांनी पाठीत पोक आलेलं. मी आत या म्हटलं. आली, पण बसली नाही.

"बाई, तुम्ही लिहून दिलंत की पानं चोरीची आहेत."

"चोरीची असं नाही लिहिलं मी. आमची आहेत, एवढंच."

"कोर्टात पुरावा म्हणून ते एकच होतं," ती म्हणाली. "पाळकसाहेबांनीच दिली होती ती पानं त्याला. त्या गुरुवारी साडेसहाला बोलावलं होतं. चार हातांनी वाजवायचं काहीतरी आहे, तुमच्याबरोबर. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर बोटं आपटत होता. मी ओरडले त्याला."

"माझ्याबरोबर? मला कुणी काही सांगितलं नाही."

"तो तर म्हणाला, बाईंनी होकार दिलाय."

मला खरं सांगायचं तर तिचा राग आला. किती बेमालूम रचलंय, असं वाटलं. पोराला वाचवायला आई काय वाटेल ते बोलेल, मीही बोलले असते. मी म्हटलं, "मग पाळकसाहेब का नाही सांगत तसं?"

"तेच विचारायला आले होते मी. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." मग म्हणाली, "दोन तारखेला सुनावणी आहे. हाताचं ऑपरेशन झालं. दोन बोटं पुरती मिटत नाहीत."

पाणीही न घेता गेली. मी पाणी विचारलंच नव्हतं, हे ती गेल्यावर लक्षात आलं.

शनिवार, १५ मार्च

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी चर्चमध्ये जाऊन स्वरलिपीचं कपाट उघडलं. आत एक वही असते, कुणी काय नेलं ते लिहायची. माझ्याशिवाय कुणी काही नेत नाही, त्यामुळे ती मी वर्षभर उघडली नव्हती.

शेवटच्या ओळीत पाळकसाहेबांचं अक्षर. सत्तावीस फेब्रुवारी. चार हातांच्या रचनेचं नाव. पुढे: 'दुपारच्या वादकाकडे, वर्धापनदिनाच्या तयारीसाठी.'

कपाट घरापासून पाच मिनिटांवर. सही करायच्या आधी पाच मिनिटं चालले असते तर?

ती बाई खरं बोलत होती. आणि मी तिच्या तोंडाकडे बघत मनात तिला खोटं पाडत होते.

रविवार, १६ मार्च

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना त्यांच्या खोलीत गाठलं. वही टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"बाई, मी तुम्हाला त्या गुरुवारी सांगणारच होतो. आधी सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. म्हटलं, त्याला समोर आणून उभं करावं. एकदा एकत्र वाजवलंत की…" त्यांनी वही बाजूला सारली. "मला यायला वीस मिनिटं उशीर झाला."

"आणि मग? गेले दहा दिवस?"

"मी त्याच रात्री औषधवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही बोलावलं होतं हे बाहेर आलं तर आपल्याच माणसांनी पोलीस बोलावले हेही बाहेर येईल. मंडळी फुटेल. वकील आतून मिटवतील, तोवर थांबा. मी थांबलो."

"आपल्याच माणसांनी म्हणजे कुणी?"

ते माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी काही विनोद करत होते. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

म्हणजे त्यांना माहीत आहे आणि सांगत नाहीत. सगळे एकमेकांना सामील आहेत. मी एकेकाला आठवून पाहिलं. त्या दिवशी कोण कोण होतं? दहा गाणारे, मी, हे. वन्सं मधेच पाणी प्यायला उठल्या होत्या. पाण्याचा माठ पाळकांच्या खोलीच्या दाराशीच आहे. आणि सभेत 'आमचा कसा' म्हणणाऱ्याही त्याच.

यांना म्हटलं, "मला तुमच्या बहिणीचा संशय येतोय." हे म्हणाले, "कशाला उकरून काढतेस?" आणि बागेत पाणी घालायला गेले. दुपारी दोनच्या उन्हात.

गुरुवार, २० मार्च

आजचं आजच लिहून ठेवते.

तालीम संपल्यावर वन्संना थांबवलं. बाकीचे गेले. मी सरळच विचारलं, "फोन तुम्ही केलात ना?"

वन्संनी पर्स बंद केली. "वहिनी, तुम्ही मला विचारताय?"

"तुम्ही उठला होतात."

"उठले होते. माठापाशी गेले तेव्हा फोन चालू होता. मी ऐकला, केला नाही." मग एरवी मला कधी हात न लावणाऱ्या त्या बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरी जाऊन विचारा."

घरी येईपर्यंत मला कळलं नव्हतं, असं लिहावंसं वाटतं. पण फाटकाशी आले तेव्हा कळलं होतं.

हे स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. मी चप्पलही काढली नाही. "तुम्ही?"

सुरी खाली ठेवली. बराच वेळ सालं गोळा करत राहिले.

"तूच म्हणालीस, आवाज बंद करा."

"दार उघडा म्हणायचं होतं मला. कोण आहे ते बघा, असं."

"नाही," हे म्हणाले. "तसं नव्हतीस म्हणाली."

खरं आहे. नव्हते म्हणाले.

"खिडकीतून पाहिलं मी. एक काळा माणूस, पाठीला बॅग, दार बडवतोय. समया आठवल्या. फोन उचलला." हे खुर्चीत बसले. "मी ओळखलं नाही गं त्याला. चार वर्षं दर रविवारी त्याच्या हातात किल्ली देतोय आणि ओळखलं नाही. पोलिसांनी खाली पाडल्यावर तो वर खिडकीकडे बघून म्हणाला, काका, मी आहे. तेव्हा ओळखलं."

"मग बाहेर का नाही गेलात?"

"पोलीस मारत होते त्याला."

"म्हणून तर!"

"घाबरलो." मग अगदी हळू म्हणाले, "किल्ली देताना मी किल्लीकडेच बघतो."

चाळीस वर्षांच्या संसारात यांना रडताना मी दोनदा पाहिलंय. हे तिसऱ्यांदा. मला जवळ जावंसं वाटलं नाही. उभीच राहिले. बटाटे काळे पडले.

रविवार, २३ मार्च

सलोख्याचा रविवार. दारावर फलक: 'आपण सारे एक.' दुपारच्या मंडळीतून कुणी आलं नाही. एकही लेकरू नाही. औषधवाल्यांनी दहा मिनिटं वाट पाहिली, मग म्हणाले, फोटोवाला थांबलाय. आम्ही सकाळचेच सगळे पायऱ्यांवर उभे राहिलो, हात हातात घेऊन. फोटो निघाला. मी कडेला होते, कपाटातली ती वही छातीशी धरून. हे आले नव्हते, डोकं दुखतं म्हणून.

शनिवार, २९ मार्च

औषधवाले घरी आले. बरोबर पेढ्यांसारखं गोड बोलणं. "बाई, तुमच्या घरचा प्रश्न आहे म्हणून काळजी वाटते. तुम्ही पानांबद्दल बोललात की वहीचं निघेल, वहीवरून फोनचं निघेल. तुमच्या यजमानांचं नाव कशाला गोवता? पोलिसांना दुपारच्या माणसावर सौम्य कलम लावायला आम्ही विनंती करतोय. समज देऊन सोडतील."

"चोर म्हणून समज देतील."

"कागदावर काय, हो!"

माझी कागदावरचीच सही आहे, असं मी म्हटलं. ते उठले. जाताना यांना म्हणाले, "जरा समजवा घरात." यांनी त्यांच्यामागे फाटकाची कडी लावली. नऊ दिवस आम्ही मीठ दे, दार लाव, एवढंच बोलतोय. मला अजून संशय आहे की माझ्या पाठीमागे यांनी औषधवाल्यांशी काहीतरी ठरवलं असेल. ज्याच्या शेजारी चाळीस वर्षं झोपले त्याच्याबद्दल असं लिहायला लागतंय.

संध्याकाळी थोरलीचा फोन आला, पलीकडच्या शहरातून. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबा तर मुंगी मारत नाहीत." म्हटलं, "नाही मारत. फोन करतात." बोलले आणि जीभ चावली.

बुधवार, २ एप्रिल

सुनावणी दहाला होती. मी निघाले तर हे बूट घालून तयार. कोर्टाच्या फाटकाशी म्हणाले, "मी इथेच थांबतो." म्हटलं, तुमची मर्जी.

खोली लहान, पंखा एक, बाक अरुंद. डावीकडे दुपारची मंडळी गच्च बसलेली. उजवीकडचे बाक रिकामे. मी उजवीकडे बसले, दुसरीकडे कुठे बसणार? तो समोर, हात गळ्यात बांधलेला. एवढ्या जवळून मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. पस्तिशीचा असेल. भुवईवर टाके. बोटं लांब, उजवी सुजलेली.

माझं नाव पुकारलं. न्यायाधीश एक थकलेल्या बाई होत्या. म्हणाल्या, "ही सही तुमची?" म्हटलं, "माझी. परत घ्यायला आलेय." वही पुढे केली. पाळकसाहेबांच्या नोंदीवर बोट ठेवलं. "पानं त्यांना रीतसर दिली होती. त्या संध्याकाळी ते बोलावल्यावरून आले होते. मला माहीत नव्हतं, आणि सही करण्याआधी मी पाहिलं नाही."

मागे खुर्ची सरकली. पाळकसाहेब. कधी आले होते कोण जाणे. उभे राहून म्हणाले, "मीच बोलावलं होतं." सत्तावीस दिवसांनी.

न्यायाधीशांनी विचारलं, "मग पोलिसांना कळवलं कुणी?" पोलिसांनी कागद चाळला आणि आमचं आडनाव मोठ्याने वाचलं. डावीकडची सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी मान खाली घालणार होते, पण त्याच्या आईचे डोळे दिसले आणि घालता आली नाही.

चोरीचं कलम काढलं. पोलिसांच्या कामात अडथळा हेही काढलं. मनगट कुणी मोडलं याची चौकशी वेगळी होईल म्हणाल्या. होईल की नाही, देव जाणे. पोलीस आपसात काहीतरी बोलून हसत बाहेर पडले.

बाहेर आले तर हे फाटकाशी नव्हते. शोधलं. कोर्टाच्या ओट्यावर, त्या माणसापासून चार पावलांवर, हात जोडून उभे होते. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. तो ऐकत होता. मग त्याने मान हलवली, हो अशी नाही, नाही अशीही नाही, आणि आईला हात देऊन पायऱ्या उतरायला लागला.

घरी येताना हे म्हणाले, "त्याने विचारलं, पोलिसांविरुद्ध साक्ष द्याल का, खिडकीतून पाहिलं ते सांगाल का."

"मग?"

"देईन म्हटलंय."

मी विश्वास ठेवला नाही. अजून ठेवत नाही. पण संध्याकाळी हे टेबलाशी बसून वकिलाला चिठ्ठी लिहीत होते. तीनदा फाडली. चौथी पाकिटात घातली, मला दाखवली नाही, आणि स्वतः टाकायला गेले.

रविवार, ६ एप्रिल

शुक्रवारी पंचमंडळाचं पत्र आलं: चौतीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार, आता विश्रांती घ्यावी. खाली औषधवाल्यांची सही. पाळकसाहेबांची नव्हती. त्यांनी सही नाकारली म्हणे, आणि त्यांचीही बदली होणार असं वन्सं सांगत होत्या. सांगताना डोळे पुसत होत्या. मला वाटलं, खोटं रडतायत. मग वाटलं, मला आता खरं रडणं ओळखता येईनासं झालंय.

सकाळी गेले नाही. तीनला गेले. दुपारची मंडळी परत आत यायला लागलीय. मी मागच्या बाकावर बसले. माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून पाहिलं आणि आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. गेली कित्येक वर्षं तेच करत आलेय.

ऑर्गन बंदच होता. तो पुढे उभा राहून डाव्या हाताने ताल देत होता आणि सगळे गात होते. मला येणारंच गाणं, पण कुठे श्वास घ्यायचा ते कळेना. दोन कडव्यांनंतर गप्प बसले आणि ऐकलं.

संपल्यावर त्याची आई जवळ आली. "वाजवायला आलात का?"

"नाही. बसायला."

"बसा," ती म्हणाली. "वाजवायला कुणी बोलावलेलं नाही." आणि गेली.

लोक पांगले. तो पानं गोळा करत होता, एका हाताने, एकेक. मी मदत करायला पुढे झाले नाही. त्याला आवडलं नसतं, असं वाटलं. किंवा मला भीती वाटली. निघाले तेवढ्यात त्याने हाक मारली, "बाई."

थांबले.

"एक विचारायचं होतं. कोर्टात कुणी विचारलं नाही म्हणून." तो माझ्याकडे बघत नव्हता, पानं नीट जुळवत होता. "त्या दिवशी मी ठोठावत होतो, तेव्हा तुम्ही वाजवत होता. मोठा आवाज होता. मी आईला म्हटलंय की त्यांना ऐकूच आलं नसेल. महिनाभर तेच म्हणतोय तिला. ऑर्गन चालू असला की वाजवणाऱ्याला बाहेरचं काही ऐकू येत नाही. मला तरी नाही येत."

हो म्हणायचं होतं फक्त. हो, नाही आलं ऐकू. वादकाने वादकाला दिलेली सोय होती ती, तयार, हातात ठेवलेली. त्याच्या आईलाही बरं वाटलं असतं.

"आलं होतं," मी म्हटलं. "पहिल्यापासून. म्हणून तर मी आवाज वाढवला."

त्याने पानं खाली ठेवली. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं तसा राग नव्हता त्यात. मला जे दिसलं त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

"आता आईला काय सांगू?" त्याने विचारलं.